पोलो जीटीला टायर घेताना आधी चोर्ला आठवा

टायरच्या दुकानात पाय ठेवला की पहिला सल्ला ठरलेला. "एक साइज वाढवून घाला की ओ, गाडी भारी दिसतीय." दिसते, त्यात वाद नाही. पण बेळगावातून जांबोटी, कणकुंबी करत गोव्याकडे चोर्ला घाट उतरणाऱ्याने टायर दिसण्यावर घेतला, तर जुलैतलं पहिलंच वळण त्याला हिशेब विचारतं.

आपल्या एका जिल्ह्यात टायरला दोन मुलूख भेटतात. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी. तिथे धो धो पाऊस, कडेचं शेवाळ, रस्त्यावर वाहून आलेली लाल माती. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणी. तिथे ऊन, काळी माती आणि ऊस. मधोमध महामार्ग, वंटमुरी आणि तवंदीच्या घाटांसकट. या सगळ्याला सारखाच पुरणारा टायर कुणी बनवत नाही, त्यामुळे कुठे माघार घ्यायची ते आपणच ठरवायचं. माझा क्रम असा: आधी ओल्या रस्त्यावरची पकड, मग साइडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा दम, आणि कोरड्यावरची पकड शेवटी. पोलो जीटीसारख्या ११० पीएसच्या गाडीला कोरड्या डांबरावर कुठलाही बरा टायर पुरतो. फरक दिसतो तो भिजल्यावर.

हिशेबासाठी १६ इंची चाकांची पोलो जीटी टीएसआय घेऊ: १.० लिटर, १७५ न्यूटन-मीटर, टायर १९५/५५ आर १६. भारतात पोलो २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे अगदी शेवटच्या गाड्यांचेही मूळ टायर आता बदलीला आलेत किंवा येतील. आय२० एन लाइन आणि जुन्या बलेनो आरएसचंही माप हेच, त्यामुळे पुढचे बहुतेक आकडे त्यांनाही चालतील.

नवे घेण्याआधी जुने वाचा. टायर काढल्यावर चारी बाजूंनी हात फिरवायचा. फक्त आतली कड झिजली असेल तर टो (चाकांचा आत-बाहेरचा कल) बिघडलाय किंवा खालच्या आर्मचं बुश गेलंय, आणि ते न बदलता नवे टायर घालणं म्हणजे पैसे घासून टाकणं. मधली पट्टी झिजली तर हवा जास्त होती, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. हात एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखा लागला, तर टो तपासा; ठरावीक अंतरावर खड्डे जाणवले, तर शॉकअप. हे दुकानदार सहसा सांगत नाही. त्याला चार टायर विकायचे असतात, बुश नाही.

आता माप. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२१ मिमी भरतो (रुंदी १९५ मिमी, तिच्या ५५ टक्के म्हणजे १०७ मिमीची भिंत, दुप्पट करून त्यात रिमचे ४०६ मिमी). पर्याय म्हणून तीन मापं पुढे केली जातात.

२०५/५५ आर १६: व्यास ६३२ मिमी, म्हणजे १.८ टक्के मोठा. गाडी साधारण ५ मिमी वर उठते, भिंत ११३ मिमी होते, खड्ड्याला जरा जास्त गादी मिळते. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन उचलतो त्याचा आकडा, ८७ वरून ९१ वर जातो. सेडान गाड्यांमुळे हे माप भरपूर खपतं, म्हणून निवडही मोठी. तोटा असा की चाक जड होतं, गिअर किंचित लांब लागतात आणि स्टिअरिंगचा पहिला प्रतिसाद मऊ पडतो. चार माणसं आणि सामान भरून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि आतल्या प्लास्टिक लायनरला घासत नाही ना ते बघा.

२०५/५० आर १६: व्यास ६११ मिमी, दीड टक्का लहान. वळणात मजा येते, पण गाडी ५ मिमी खाली बसते. गावोगावचे स्पीडब्रेकर ओळखीचे असतील तर हे माप का नको ते सांगायला नको.

२०५/४५ आर १७: व्यास ६१६ मिमी, मूळ मापाच्या जवळच. भिंत मात्र ९२ मिमी, म्हणजे १५ मिमी गेली. आणि यात एक सापळा आहे. याच मापाचा साधा टायर ८४ लोड इंडेक्सचा असतो, म्हणजे टायरमागे ५०० किलो, जेव्हा मूळ टायर ८७ म्हणजे ५४५ किलो उचलतो. घ्यायचाच तर ८८ एक्सएल (जादा वजनासाठीचा) लिहिलेला घ्या, तो ५६० किलोचा. खरं सांगायचं तर चोर्ला किंवा अनमोडच्या वाटेवर पावसाळ्यानंतर जे काही उरतं, त्यावर सतरा इंची चाक नेणं मला पटत नाही.

माझं झुकतं माप मूळ १९५/५५ लाच. मनासारखा पॅटर्न त्यात मिळालाच नाही, तरच २०५/५५.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे समीकरण कोरड्यावर काही अंशी खरं. ओल्यावर ते उलटू शकतं. रुंद टायरला समोरून जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो लवकर तरंगतो, म्हणजे रस्ता सोडून पाण्यावर चढतो. तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, असं १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवरून मांडलेलं सूत्र आहे. त्यात ३२ पीएसआय घातलं तर ताशी ९४ किमी येतात, २६ घातलं तर ८५. नव्या खोल खाचांच्या टायरला यापेक्षा मोकळीक असते, गुळगुळीत टायरला नसते. पण दाब सहाने उतरला की ताशी नऊ किलोमीटर गेले, हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगं आहे. हत्तरगीच्या पुढे महामार्गावर साठलेल्या पाण्यातून १०० ने जाणाऱ्याने तर नक्कीच.

म्हणूनच टायरची खोली १.६ मिमीपर्यंत चालते, हा नियम कायद्यापुरता. खाचेतल्या टीडब्ल्यूआय खुणेशी रबर समपातळीत आलं की टायर संपला, एवढंच तो सांगतो. नवा टायर साधारण ८ मिमीचा असतो. तो ३ मिमीवर आला आणि मे महिना असेल, तर मृग लागायच्या आत बदला. खोली मोजायचं गेज स्वस्तात मिळतं, नजरेवर जाऊ नका.

पॅटर्न बघताना परिघाभोवती फिरणाऱ्या खोल, रुंद खाचा मोजा. निदान तीन, चार असतील तर उत्तम. पाणी बाहेर जातं ते यांतूनच. रबराचं मिश्रण डोळ्यांना दिसत नाही, पण सिलिका असलेलं मिश्रण ओल्या रस्त्यावर बरं धरतं. नावंच हवी असतील तर, कॉन्टिनेंटलची मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी६ पकडीकडे झुकलेली आहे, मिशेलिनची प्रायमसी ४ एसटी शांतता आणि आरामाकडे, अपोलोची अल्नॅक ४जी रोजच्या वापराकडे. अपोलोच्याच मालकीच्या व्रेडेस्टाइनचे टायरही आता इथे मिळतात. तुमच्या मापात कुठला येतो ते दुकानात विचारा. एकाच नावाचा टायर सगळ्या मापांत मिळत नाही.

ट्रेडवेअरचा, म्हणजे टिकाऊपणाचा आकडा साइडवॉलवर असेल तर तो एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला वापरा. ३०० चा टायर २०० च्या मानाने दीडपट टिकावा असा त्याचा अर्थ, पण प्रत्येक कंपनी हा आकडा स्वतःच देते. वेगाची खूण: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. मूळ टायरवर जे अक्षर आहे त्याखाली उतरू नये. ताशी २१० कुणी जात नाही, पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सोसतो, आणि एप्रिलच्या दुपारी अथणीच्या रस्त्यावर तेच कामाला येतं.

ऊसपट्ट्यातल्यांना साइडवॉलचं वेगळं सांगायला नको. हंगामात रस्त्यावर पडलेलं चिपाड, ट्रॉलीतून सुटलेले नट, बैलाच्या पत्रीचे खिळे, सगळं टायरलाच शोधत येतं. जमिनीला टेकणाऱ्या भागातलं सहा मिमीपर्यंतचं भोक दुरुस्त होतं, तेही आतून मशरूम पॅच लावून. बाहेरून खुपसलेली दोरी घरी पोचण्यापुरती धरा. भिंतीला भोक पडलं तर टायर गेला. तीच गत फुग्याची. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात भिंत चिमटली की आतले धागे तुटतात, आणि तिथे हवा रबराला बाहेर ढकलते. फुगा छोटा असो वा मोठा, त्यावर इलाज नाही. हवा कमी असताना ही चिमट लवकर बसते, म्हणून खराब रस्ता म्हणून हवा कमी करायची सवय या गाड्यांना घातक.

दुकानात टायर हातात आल्यावर आधी तारीख. डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार अंक असतात. २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. ओळ अर्धीच दिसत असेल तर टायर फिरवून दुसरी बाजू बघा, अंक फक्त एकाच बाजूला असतात. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर छान, वर्षाच्या पुढचा असेल तर दुसरा मागा. आयएसआय खूण आहे का ते बघा. बिलावर चारही टायरांचे नंबर लिहून घ्या, उत्पादनातल्या दोषाचा दावा त्यावरच उभा राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, आणि कर कोल्हापुरात तोच, बेळगावात तोच. त्यामुळे करासाठी सीमा ओलांडण्यात अर्थ नाही. निवडीसाठी ओलांडा, खुशाल.

बसवताना पुढच्या गोष्टी बघत उभं राहा, चहाला जाऊ नका. टायर चढवताना बीडला (रिमवर बसणाऱ्या कडेला) साबणाचं पाणी किंवा बीड पेस्ट लावावी, ग्रीस नव्हे, कारण ग्रीसने टायर रिमवर सरकतो. रबरी व्हॉल्व्ह नवे घाला. असमान पॅटर्नच्या टायरवर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आली पाहिजे. बाण असलेला टायर बाणाच्या दिशेनेच फिरला पाहिजे. चारांपैकी एक उलटा बसणं फार दुर्मिळ नाही. अलॉयला चिकटणारी वजनं लावा, ठोकायची नकोत. मग अलाइनमेंट. तिथे स्क्रीनवरचे हिरवे आकडे बघून खूश न होता आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्या.

पोलोला नट नसून बोल्ट असतात, त्यामुळे चाक हातात धरून भोकं जुळवावी लागतात. घट्ट करायचे १२० न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने. हवेच्या गनने कचकचून आवळलेले बोल्ट रस्त्यात पंक्चर झाल्यावर किल्लीला दाद देत नाहीत. ५० ते १०० किलोमीटरनंतर रेंच एकदा परत फिरवा.

बजेट दोनच टायरचं असेल तर नवे मागे घाला. ऐकणाऱ्याला हे उलट वाटतं. गाडी ओढतात पुढची चाकं, म्हणून सगळे नवे पुढे घालायला सांगतात. पण पुढचे तरंगले तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की सावरते. मागचे तरंगले तर गाडी गिरकी घेते, आणि घाटात गिरकीला जागा नसते.

नव्या रबरावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा थर असतो, तो जाईपर्यंत पकड पुरती येत नाही. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा, कचकन ब्रेक नको. कोल्हापूरला जाऊन आलं की तेवढं अंतर होतं, आणि महामार्ग सरळही आहे. दुकानातून थेट चोर्ल्याला मात्र जाऊ नये.

हवा दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणामागे लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, गाडी थंड असताना. दुकानात सरसकट "पस्तीस घालतो" म्हणतात, आणि लांबून आलेल्या गरम टायरमधून कुणी हवा काढली की सकाळी ती तीन-चार पीएसआय कमी भरते. नायट्रोजनने काही बिघडत नाही, पण त्यासाठी जादा पैसे देण्यासारखंही काही नाही. गोव्याला उतरणाऱ्यांसाठी एक गंमत: बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे तीच हवा समुद्रकाठी गेजवर सव्वा पीएसआय कमी दिसते. पण खाली उष्मा पाच-सहा अंशांनी जास्त असतो आणि तेवढ्याने एक पीएसआय वाढतं. दोन्ही एकमेकांना खातात. पणजीत पोचून हवा भरायला रांग लावू नका.

शेवटी डिकी उघडा. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी लहान मापाची आणि लोखंडी रिमची असते, आणि तुम्ही २०५/५५ घातलेत तर व्यासातला फरक आणखी वाढतो. पुढच्या एका बाजूला ती लावून लांब गेलात तर डिफरन्शियल सतत फिरत राहतं. पंक्चर पुढचं झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. दहा मिनिटं जास्त जातात. आणि हो, स्टेपनीचीही तारीख वाचा. ती अजून गाडीच्याच वयाची असते.