किनाबातांगनच्या काठचे पालेखाऊ

बोर्निओला जाणारे बहुतेक जण ओरांगउटानसाठी जातात. आम्हीही गेलो, आणि तेही दिसले. पण माझा जीव जडला तो पाला खाऊन दिवसभर बसून राहणाऱ्या दोन प्राण्यांवर.

बोर्निओच्या मलेशियातल्या भागात, सांदाकान शहरातून सुकाऊ गावाला जाताना मैलोन्‌मैल पाम तेलाचे मळे लागतात. (आपल्या फरसाणातलं, बिस्किटांतलं बरंचसं तेल मलेशिया-इंडोनेशियातूनच येतं, हे तिथे आठवतंच.) मग ५६० किलोमीटर लांबीची किनाबातांगन नदी, आणि तिच्या काठाने उरलेलं जंगल.

संध्याकाळच्या बोटीतून प्रोबोसिस माकडं दिसली. वीसेक किलोचा नर, हनुवटीच्या खाली लोंबणारं नाक आणि भलंमोठं सुटलेलं पोट. हसू येतं, पण ते पोट म्हणजे त्याचं सगळं भांडवल. आत बरेच कप्पे, त्यात जिवाणू, आणि पाला तिथे आंबत राहतो. म्हणून ही माकडं पिकलेली गोड फळं टाळतात आणि कच्ची खातात. साखर फार झाली, तर आत वायू धरून पोट फुगतं आणि जिवावर बेतू शकतं. इथल्याच मेनांगुल उपनदीवर जपानी संशोधकांनी ही माकडं चक्क रवंथ करताना पाहिली आणि ते २०११ साली प्रसिद्ध केलं. माकडाच्या जातीत रवंथ! गाई-म्हशींचा मक्ता गेला म्हणायचा.

झोपायला ती काठावरच्या झाडांवरच येतात. एका बाजूला पाणी असलं की क्लाउडेड लेपर्ड (बिबट्यासारखं जंगली मांजर) येणार तो जमिनीकडूनच. पलीकडे जायचं तर नदी अरुंद असेल तिथे उडी मारायची. पायाच्या बोटांमध्ये पडदा असल्यामुळे पोहता छान येतं, पण खाली मगरी असतात. त्यामुळे पोहणं जितकं थोडं, तितकं बरं.

दुसरा पालेखाऊ सांदाकानजवळच्या सेपिलोकच्या जंगलात, भर दुपारी भेटला. गाइड बोटाने दाखवत होता, तरी मला नुसतं खोडच दिसत होतं. वाळत घातलेल्या जुनाट पंचासारखा तो कोलुगो, म्हणजे झाडांवर राहणारा आणि हवेत तरंगत जाणारा सस्तन प्राणी, खोडाला चिकटून झोपला होता. मानेपासून बोटांच्या आणि शेपटीच्या टोकापर्यंत कातडीचा पडदा. पिल्लू पोटाला धरून असलं की याच पडद्याची झोळी होते. खालचे पुढचे दात कंगव्यासारखे, एकेका दाताला अनेक दाते.

भीमाशंकरच्या शेकरूसारख्या फांदीवरून फांदीवर उड्या मारणं याला जमत नाही, जमिनीवर तर तो अगदीच दुबळा. म्हणून तिन्हीसांजेला खोडावर सरपटत वर चढायचं आणि पडदा ताणून झोकून द्यायचं. एका झेपेत शंभर मीटरच्या वरही जातो. आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा कॅमेरे पिशवीतच होते, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

जाणार असाल तर सेपिलोकच्या झाडांच्या शेंड्यांजवळून जाणाऱ्या पुलावर अंधार पडेपर्यंत थांबा. बरेच जण आधीच जेवायला पळतात.