निफाडचं पॅकहाऊस आणि रॉटरडॅमचं बंदर : आमची वाटचाल

आमची द्राक्ष निर्यात करणारी फर्म लहान आहे. निफाड तालुक्यात एक पॅकहाऊस, प्री-कूलिंगच्या (तोडलेला माल लगेच थंड करायच्या) खोल्या, कोल्ड स्टोअरेज, हंगामात पॅकिंगला येणाऱ्या गावातल्याच बायका आणि वर्षानुवर्षं आमच्याशी जोडलेले बागायतदार, एवढाच आमचा पसारा. पण जानेवारी ते एप्रिल आमचा जवळजवळ सगळा हिरवा माल नेदरलँड्सला जातो, त्यामुळे भारत आणि नेदरलँड्स यांच्यात काय चाललंय याकडे आमचं बारीक लक्ष असतं.

नेदरलँड्सच का, असं नवीन शेतकरी नेहमी विचारतात. त्या देशाला आपली सगळी द्राक्षं खायची नसतात. रॉटरडॅम हे युरोपचं दार आहे. तिथे कंटेनर उतरतो, जवळच्या बारेनड्रेख्टसारख्या गावांतल्या गोदामांत माल तपासला जातो, लागलं तर पुन्हा पॅक होतो आणि जर्मनीपासून स्कँडिनेव्हियापर्यंतच्या दुकानांत पोहोचतो. दक्षिण आफ्रिकेचा माल कमी होत जातो तेव्हा आपला थॉमसन, म्हणजे बिनबियांचं हिरवं द्राक्ष, ऐन गोडीत असतो. त्या काही आठवड्यांच्या फटीत आमचा सगळा धंदा बसलेला आहे.

सुरुवातीला आम्ही मोठ्या निर्यातदारांना फक्त माल पुरवायचो. बागेतून काढायचा, त्यांच्या पॅकहाऊसला पोहोचवायचा, विषय संपला. 2003 च्या हंगामात नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि सगळंच बदललं. त्यानंतर अपेडा ही शेतमाल निर्यातीचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी अवशेष तपासणीचा कार्यक्रम उभा केला, आणि 2006 मध्ये ग्रेपनेट, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षाचा बागेपर्यंत माग ठेवणारी ऑनलाइन व्यवस्था, आली. बागेची कृषी खात्याकडे नोंदणी, प्लॉटला क्रमांक, काढणीआधी प्रयोगशाळेचा नमुना, अहवाल स्वच्छ आला तरच तोड. बॉक्सवरच्या कोडवरून हॉलंडमधल्या माणसाला माल कुठल्या प्लॉटमधला ते कळू लागलं. आमच्यासारख्या लहान माणसाला स्वतःच्या नावाने कंटेनर पाठवायचं धाडस या व्यवस्थेमुळेच झालं. तिथला खरेदीदार आम्हाला ओळखत नव्हता, पण त्या कागदाला ओळखत होता.

2010 बद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आजचे तरुण बागायतदार ते वर्ष ऐकूनच ओळखतात. क्लोरमेक्वाट, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला सीसीसी म्हणतात ते वाढ रोखणारं औषध, शेंडा थांबवायला आणि घडनिर्मितीसाठी सर्रास वापरलं जायचं. युरोपात त्याची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत मात्र त्याचं नावच नव्हतं. म्हणजे आमचे अहवाल स्वच्छ होते, माल गोड होता, मण्याची फुगवण उत्तम होती आणि तरीही कंटेनर तिकडे अडकले. काही माल पडेल भावात गेला, काही नष्ट करावा लागला. अकाउंट सेल, म्हणजे खरेदीदाराकडून येणारा विक्रीचा हिशेब, हातात आला तेव्हा त्यात भाडं आणि गोदामाचा खर्चसुद्धा निघत नव्हता. बागायतदारांनी त्यांना मिळालेल्या शिफारशींप्रमाणेच फवारलं होतं, आम्हीही नेमून दिलेल्या चाचण्या केल्या होत्या. दोन देशांच्या याद्या एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि त्याची किंमत निफाड-दिंडोरीच्या बांधावर मोजली गेली. शेतकऱ्यांचे पैसे आम्ही पुढच्या हंगामांतून हप्त्याहप्त्याने दिले. ते थांबले, म्हणून आज आम्ही आहोत.

त्यानंतर सीसीसी यादीत आलं आणि आमच्या बागांत त्याचा वापर बंद झाला. पण माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली आहे: आमच्यासाठी परराष्ट्र संबंध म्हणजे ही यादी. युरोपात एखाद्या औषधाची मर्यादा खाली येणार असेल, तर ती बातमी ऑक्टोबर छाटणीच्या आधी बागेत पोहोचली पाहिजे. छाटणीनंतर पोहोचली तर फवारणी होऊन गेलेली असते. दिल्लीतल्या डच दूतावासात शेतीचं काम पाहणारा स्वतंत्र विभाग आहे, मुंबईत त्यांचं महावाणिज्य दूतावास आहे. अशा कार्यालयांचं आणि आपल्या अपेडाचं बोलणं वेळेवर होतं की नाही, यावर आमचं वर्ष ठरतं.

ऑक्टोबर 2019 मध्ये राजे विलेम-अलेक्झांडर आणि राणी मॅक्सिमा भारतात आले, मुंबईलाही आले. 2022 मध्ये दोन्ही देशांच्या राजनैतिक संबंधांना 75 वर्षं झाली आणि राष्ट्रपती रामनाथ कोविंद नेदरलँड्सला गेले. गावात कुणी म्हणालं की याचा आपल्याला काय उपयोग, तर मी वाद घालतो. अशा भेटींसोबत अधिकारी आणि व्यापारी येतात, आणि त्यांच्या बैठकांतून अडलेली कामं पुढे सरकतात. (डचांचं आपल्या किनाऱ्याशी नातं तसं फार जुनं. 1637 च्या सुमारास त्यांनी वेंगुर्ल्यात वखार घातली, तिचे अवशेष अजून उभे आहेत. कोकणात गेलात तर जरूर पाहा.)

2022-23 मध्ये अमेरिका आणि संयुक्त अरब अमिरातींनंतर भारताचा सर्वाधिक माल नेदरलँड्सलाच गेला. त्यात मोठा वाटा पेट्रोलियम पदार्थांचा, द्राक्षाचा त्या मानाने लहान. पण तेलाच्या टाकीमागे एक कंपनी असते, द्राक्षाच्या प्रत्येक कंटेनरमागे कितीतरी घरं असतात. धोरण ठरवणाऱ्यांनी हा हिशेब समोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

अलीकडचा फटका तांबड्या समुद्राचा. 2023 च्या अखेरीस तिथे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावाशेवाहून सुटलेली जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. एरवी साधारण तीन आठवड्यांत पोहोचणारा माल दहा-बारा दिवस उशिरा पोहोचू लागला, भाडं वाढलं ते वेगळंच. द्राक्ष शून्य अंशाला ठेवलं तरी देठ सुकतो, आणि हिरवा देठ हीच तिथल्या खरेदीदाराची पहिली परीक्षा. म्हणून आम्ही तोड पहाटेच संपवायला लागलो, तोड ते प्री-कूलिंग यातला वेळ कमी केला, प्रत्येक कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र ठेवलं, आणि लांबच्या प्रवासाला न टिकणारा प्लॉट सरळ देशी बाजाराला द्यायचं ठरवलं. बागायतदाराला हे पटवणं सोपं नव्हतं. आम्ही त्याला डाटा दाखवला, आलेले फोटो दाखवले.

राहिला प्रश्न आयात शुल्काचा. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका यांचे युरोपीय संघाशी करार आधीच झाले, त्यांचा माल सवलतीत उतरू लागला. भारताच्या वाटाघाटी 2007 मध्ये सुरू झाल्या, 2013 मध्ये थांबल्या, 2022 मध्ये पुन्हा सुरू झाल्या. त्या मधल्या रिकाम्या वर्षांत आमच्या प्रत्येक बॉक्सने शुल्क भरलं आणि तो पैसा शेवटी बागायतदाराच्या दरातून गेला.

सध्या आम्ही रंगीत वाणांचे काही प्लॉट जोडतो आहोत, कारण तिकडून आता हिरव्याबरोबर लाल आणि काळ्या मालाचीही मागणी येते. निर्यातीसाठी बाग द्यायची असेल, तर छाटणीच्या आधी फवारणीची वही घेऊन पॅकहाऊसला या. या हंगामाची युरोपची यादी आम्ही दाराशीच लावून ठेवतो, मराठीतून.