आईची बाराखडी

आईचा ‘र’ गेला २०२१च्या दिवाळीत. ‘करंजी घे’ म्हणाली, मला ‘कअंजी’ ऐकू आलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर चिडली. एकतीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना शुद्ध बोलायला शिकवलेली बाई ती. आम्ही नव्या कवळीला दोष दिला. दाताच्या डॉक्टरांनी ती दोनदा घासून दिली.

मग पाणी पिताना ठसका लागायला लागला. नाक-कान-घसा झालं, एमआरआय झाला, सगळं नॉर्मल. शेवटी पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी तिला फक्त तोंड उघडायला सांगितलं. जीभ आत नुसती पडलेली, तरी तिच्यावर बारीक बारीक वळवळ चाललेली. सुया टोचून ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत-तपासणी, केली आणि नाव कळलं : मोटर न्यूरॉन डिसीज, त्यातला एएलएस. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. आईची सुरुवात जिभेपासून झाली होती.

डॉक्टरांनी औषध दिलं ते एकच, रिल्युझोल. पन्नास मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, उपाशीपोटी. डॉक्टर म्हणाले, “यानं सरासरी दोन-तीन महिने मिळतात.” बाबांनी विचारलं, “म्हणजे दोन-तीन महिन्यांत बरी होईल ना?” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्य फक्त तेवढंच लांबतं, हे बाबांना मी गाडीत सांगितलं.

पुढचे काही महिने आम्ही धावत सुटलो. एका ठिकाणी स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, टोचायचे काही लाख सांगितले. दादा एफडी मोडायला निघाला होता. न्यूरॉलॉजिस्टनी अडवलं : आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७च्या नियमांप्रमाणे या आजारात ते अजून संशोधन आहे, पैसे घेऊन द्यायचा उपचार नाही. २०२३मध्ये अमेरिकेत टोफरसेन या एएलएसवरच्या नव्या औषधाला मंजुरी मिळाली तेव्हा पुन्हा आशा लागली. पण ते एसओडी१ जनुकात दोष असणाऱ्या थोड्यांसाठीच, आणि आईच्या तपासणीत तो दोष नव्हता.

या धावपळीत खरी चूक झाली ती पोटातल्या नळीची. श्वासाची ताकद आहे तोवर पेग, म्हणजे थेट पोटात अन्न द्यायची नळी, बसवून घ्या, असं डॉक्टर सुरुवातीपासून सांगत होते. आम्ही म्हणायचो, खातेय की अजून. खात होती, पण वाटीभर खिमटाला दीड तास लागायचा. छप्पन किलोची आई चव्वेचाळीसवर आली, आणि नळी बसवली तेव्हा श्वासाची ताकद निम्म्याखाली गेली होती. निभावलं, पण आमच्या हट्टापायी तिला धोक्यात घातलं. हे मला अजून टोचतं.

हातही गेल्यावर मी पुठ्ठ्यावर तक्ता केला. स्वरांची ओळ, मग क, च, ट, त, प, य, श. मी ओळ म्हणायची; हवी ती आली की ती डोळे वर करायची. मग त्यातलं अक्षर. काना-मात्रा तिनं पहिल्याच दिवशी सोडून दिल्या. ‘बब जवल क’. बाबा जेवले का. सहा अक्षरं, चार मिनिटं.

रात्री मास्कमधून श्वासाला मदत करणारं बायपॅप यंत्र तिला चालत होतं. पुढचं विचारलं, तेव्हा आलं, ‘भक नक’. मला कळेना. तिनं नजर माझ्या गळ्यावर आणली. भोक नको. गळ्याला छिद्र पाडून व्हेंटिलेटर लावायचा नाही. दादा उठून बाहेर गेला.

अशी इच्छा लिहून ठेवायला सुप्रीम कोर्टानं २०१८मध्ये परवानगी दिली. जानेवारी २०२३मध्ये पद्धत सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. नोटरी घरी आले. मी कागद तिच्यासमोर धरला आणि अंगठ्याला शाई लावायला घेतली, तर तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. मिटले म्हणजे नाही.

मनात म्हटलं, विचार बदलला. तक्ता आणला. स्वरांच्या ओळीवर डोळे वर गेले. अ, आ... ‘इ’वर पुन्हा वर.

मग दिसलं. मथळ्यात मी ‘ईच्छापत्र’ टाइप केलं होतं.

दादा कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी प्रिंट घेऊन येईपर्यंत नोटरी चहा प्यायले.