अप्परला बंद, डिप्परला चालू : एक्स्ट्रा लाइटच्या वायरिंगचा माझा अनुभव

सगळ्यात आधी एक सांगून ठेवतो. दुकानदार मीटर न लावता "भिया, रिले उड गया है" म्हणाला की सरळ किल्ली उचलायची आणि निघायचं. (रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी.) माझा राग अजून उतरलेला नाही म्हणून हे लिहितोय, तेव्हा भाषा जरा इकडेतिकडे झाली तर चालवून घ्या.

गाडी जुनी आहे, हेडलाइटला साधे एच4 हॅलोजन (एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट, एक अप्परचं म्हणजे लांबच्या झोताचं, दुसरं डिप्परचं म्हणजे जवळच्या झोताचं). मॉडेल मुद्दाम सांगत नाही, लोक मुद्दा सोडून गाडीवरच भांडत बसतात. इंदूरहून खंडव्याला आमचं सारखं जाणं असतं, ताई तिथेच दिलीय, आणि सिमरोल सोडल्यावर भेरूघाटात रात्री काय हाल होतात ते त्या रोडने जाणाऱ्यालाच ठाऊक. समोरून बऱ्हाणपूरचे केळ्यांचे ट्रक, त्यात रोडचं काम, डायव्हर्जनचे दगड कधी डावीकडे कधी उजवीकडे. म्हणून बंपरवर 55 वॅटचे दोन गोल लाइट लावायचे ठरवले. घेतले, ब्रॅकेट लागले, फिटिंग झालं, एका दुपारचं काम.

मागणी माझी साधी होती. डॅशबोर्डवर एक बटण, आणि बटण चालू असताना अप्पर मारला तरच हे लाइट लागावेत, डिप्पर दिला की अप्परबरोबर हेही शांत. समोरच्याच्या डोळ्यात मारायचे नाहीत, एवढंच. वायरमनने नेहमीची पद्धत केली: बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, तिथून रिलेचा 30 नंबर, 87 वरून लाइटला. रिलेच्या आतल्या कॉइलचं (हिला करंट मिळाला की रिले लागतो) एक टोक, 85, बॉडीला अर्थ, म्हणजे मायनसला, आणि दुसरं, 86, बटणातून हेडलाइटच्या अप्परच्या वायरला टॅप. (हे नंबर जर्मन डीआयएन 72552 चे आहेत, जवळजवळ सगळ्या रिलेंवर तेच असतात, त्यामुळे लक्षात ठेवलेत तर कुठेही कामाला येतात.) पुस्तकात बघाल तर हे वायरिंग बरोबर आहे.

रात्री बायपासवर काढली तर सगळं उलटं. डिप्परवर दोन्ही एक्स्ट्रा लाइट फुल्ल पेटलेले, अप्पर मारला की टक्‌ आवाज आणि बंद! म्हणजे मला नको तेव्हा चालू आणि पाहिजे तेव्हा बंद. समोरचे शिव्या देऊन जातायत ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी दुकानात. इथून पुढे जे सुरू झालं त्याला मी माझ्या आयुष्यातले वाया गेलेले शनिवार म्हणतो. सेठ म्हणाला रिले. रिले बदलला, तेच. मग म्हणाला लोकल रिले आहे, कंपनीचा टाकू, त्याचे पैसे वेगळे. तेच. मग "लड़का आएगा तब देखेगा", आणि लड़का दुसऱ्या गाडीत म्युझिक सिस्टिम बसवत होता. प्लास्टिकच्या स्टुलावर बसा, चहा येतो, चहा संपतो, लड़का येत नाही. मी म्हटलं, रिले खराब असेल तर लाइट लागणारच नाहीत किंवा बंदच होणार नाहीत, उलटे कसे लागतील? सेठ माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, "आप इंजीनियर हो क्या?" नाही हो सेठ, मी बँकेत आहे, पण उलटं आणि सुलटं मलाही कळतं.

गॅरंटीचं विचारलं तर उत्तर तयार होतं: लाइट की गारंटी है, वायरिंग की नहीं. लाइट तर व्यवस्थित पेटत होते, म्हणजे गॅरंटी फक्त त्या वस्तूची जिचं काही बिघडलं नव्हतं! मग गाडीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, ते म्हणाले बाहेरचं वायरिंग आम्ही हात लावत नाही. त्यांचं एका अर्थी बरोबर होतं, पण तेव्हा त्यांच्यावरही चिडलो.

शेवटी लड़का आला आणि त्याने डोकं लावलं. खरंच लावलं, पण चुकीच्या दिशेने. उलटं चालतंय ना, मग आपण उलट्याचं उलटं करू. पाच पिनचा रिले आणला आणि लाइटची वायर 87 वरून काढून 87ए वर टाकली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉइलला करंट मिळाला की 30 चं कनेक्शन 87 ला जुळतं, करंट नसताना ते 87ए ला जुळलेलं असतं. म्हणजे आता रिले बंद तर लाइट चालू. पण मग माझं बटण बंद केलं तरी लाइट चालूच, कारण बटण कॉइलच्या लाइनमध्ये होतं! मग त्याने बटण उचललं आणि लाइटच्या मेन लाइनमध्ये घातलं. अप्पर मारला, लाइट लागले, डिप्पर, बंद. "हो गया भिया. स्विच ऑन ही रहने दो, अप्पर से अपने आप चलेगी."

आता गंमत बघा. हेडलाइट पूर्ण बंद असेल तेव्हा कॉइलला करंट नाही, म्हणजे 87ए जुळलेलं, म्हणजे बटण ऑन असेल तर एक्स्ट्रा लाइट चालू, गाडी बंद असली तरी, किल्ली माझ्या खिशात असली तरी. फ्यूज तर थेट बॅटरीवर.

उज्जैनला मावसभावाच्या मुलाची मुंज होती. कडक ऊन, गाडी कार्यालयाबाहेर भिंतीला तोंड करून लावलेली, उन्हात दिवे पेटलेले कोणाला दिसणार. पंगत चालू असताना मामा आला, म्हणाला, "अरे, तुझ्या गाडीचे दिवे मिणमिणतायत बघ, काही वेगळं लावलंयस का?" मिणमिणतायत म्हणजे समजा. हिशेब सोपा आहे, दोन लाइट मिळून 110 वॅट, 12 व्होल्टला साधारण 9 अँपिअर, बॅटरी 45 अँपिअर-अवरची, पाच तासांत खेळ खलास. मांडवातली चार-पाच मंडळी झब्ब्यात, एक काका सोवळ्यात, सगळ्यांनी धक्का मारला तेव्हा सुरू झाली. परतताना बायको काही बोलली नाही, फक्त देवासजवळ म्हणाली, "जळल्यासारखा वास येतोय का तुम्हाला?"

येत होता. घरी आल्यावर बटण उपटून बघितलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं 6 ए, 250 व्होल्ट एसी. त्यातून 9 अँपिअर डीसी चाललेले. एका टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, पितळेची पट्टी निळी-जांभळी पडलेली आणि वायरचं इन्शुलेशन बोटाने सोलून निघेल इतकं मऊ. एसीला बटण उघडताना ठिणगी लगेच विझते, डीसीला ती ओढली जाते, त्यामुळे एसीचे 6 अँपिअर हे डीसीचे 6 पण धरू नका. हे बघून मात्र मी त्या दुकानात परत गेलो नाही. आग लागली असती.

मग स्वतः बसलो. एक डिजिटल मीटर आणि एक टेस्ट लॅम्प (पेनासारखा, आत छोटा बल्ब, मागे चिमटा). दोन्ही घ्या, एकाने भागत नाही, का ते पुढे येतंच. रिले, टर्मिनल, होल्डर वगैरे छोटी ग्वालटोलीत मिळून जातं, पण वायर घेताना तिथे हुशारी करा, दुकानदार "मोटी है" म्हणतो तो प्लास्टिकचा जाडपणा असतो, आतलं तांबं बघून घ्या. मेन लाइनला 2.5 स्क्वेअर एमएम, फ्यूज 15 अँपिअर, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं कोणी नाही.

आता खरी मेख. हेडलाइट डिप्परवर ठेवून अप्परच्या वायरवर मीटर लावला, काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला. 12 च्या वर. अप्पर मारला, मीटर शून्य. हेच मी आधीच्या फेऱ्यांत सेठला त्याच्या दुकानात पण दाखवलं होतं, तो म्हणाला मीटर उलटा पकडलाय!

दोन्ही हेडलाइटचे कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरींचा प्लग) काढले. दोन्ही म्हणजे दोन्ही. एकच काढलात तर दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून करंट फिरून येतो आणि काढलेल्या कपलरवर पण 12 दिसतात, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. कपलरमध्ये तीन टर्मिनल. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला आणि टोक एकेका टर्मिनलला. एकावर दिवा लागला, अप्पर असो की डिप्पर, तेच एक. बाकीच्या दोनवर काहीच नाही. मग चिमटा काढून प्लसला लावला. आता डिप्पर दिला की एका टर्मिनलवर दिवा लागतो, अप्पर मारला की तिसऱ्यावर.

म्हणजे माझ्या गाडीत प्लस कायम बल्बपर्यंत येऊन थांबलेला असतो (हेडलाइट चालू असेपर्यंत) आणि अप्पर-डिप्परचा दांडा मायनस जोडतो-तोडतो. बऱ्याच जपानी डिझाइनच्या गाड्यांत असं असतं. डिप्परवर असताना अप्परचं फिलामेंट कुठेच अर्थ होत नाही, त्यामुळे कॉमनचा (दोन्ही फिलामेंटच्या सामायिक टर्मिनलचा) प्लस त्या फिलामेंटमधून सरळ टॅप केलेल्या वायरला येतो. फिलामेंटचा रेझिस्टन्स नगण्य, रिलेच्या कॉइलला 0.2 अँपिअरच्या आत पुरतो, ती मजेत ओढून घेते. अप्पर मारला की तीच वायर अर्थ होते आणि कॉइल सुटते. सगळं उलटं दिसत होतं ते यामुळे, रिलेचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. अशा गाडीत एलईडी हेडलाइट टाकले की अप्परचा निळा इंडिकेटर बऱ्याचदा गंडतो, तोही याच कारणाने.

इलाज दोन वायरींचा. 85 बॉडीवरून काढून अप्परच्या वायरला, आणि 86 बटणातून हेडलाइटच्या कॉमन प्लसला. डिप्परवर कॉइलच्या दोन्ही टोकांना प्लस, म्हणजे करंट नाही, लाइट बंद. अप्परला एक टोक मायनस होतं, रिले लागतो. हेडलाइट बंद केला की कॉमनवर काहीच नाही, मग बटण ऑन राहो की काही होवो, बॅटरीला धोका नाही. लाइट परत 87 वर, 87ए ला काही नाही, तिच्यावर टोपी घालून ठेवली. नवीन बटण परत कॉइलच्या लाइनमध्ये, तिथे नावापुरता करंट असतो, कुठलंही चांगलं बटण चालतं. ज्या रिलेत आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो तिथे 86 ला प्लसच पाहिजे, अदलाबदल नको, रिलेच्या अंगावर डायोडचं चिन्ह काढलेलं असतं ते बघून घ्या.

संध्याकाळी अंगणात गाडी चालू करून अप्पर मारला आणि दोन्ही पेटले. डिप्पर, बंद. बाबा ओट्यावर बसून मला विचारत होते की इतका वेळ चालू-बंद, चालू-बंद काय करतोयस. काय सांगू त्यांना, मला ते बघायलाच इतकं बरं वाटत होतं!

उजवा लाइट जरा पिवळट होता, ते अर्थचं निघालं. अर्थ तपासताना मीटरच्या "बीप"वर जाऊ नका, बीपला नखाएवढा करंट लागतो, गंजलेला बोल्ट पण बीप देतो. लाइट चालू ठेवून एक प्रोब लाइटच्या मायनसला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला. माझं तिथे दीड व्होल्टच्या आसपास आलं, असायला पाहिजे 0.2-0.3 च्या आत. दुकानवाल्याने टर्मिनल सरळ पेंटवर कसलेलं. पेंट खरवडून, दातेरी वॉशर घालून, वरून ग्रीस, झालं. टेस्ट लॅम्प का घ्या म्हटलं ते पण यासाठीच: नुसता मीटर तुटत आलेल्या वायरवर पण 12 व्होल्ट दाखवतो, दिवा मात्र करंट ओढतो म्हणून खोटं बोलत नाही.

जॉइंट नुसते पिळून काळी टेप मारू देऊ नका, इंजिनच्या उष्णतेने गोंद पघळतो आणि पहिल्या पावसात आत पाणी. क्रिम्प करा (टर्मिनल पकडीने दाबून बसवा), वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). रिले लावताना पिना खाली तोंड करून.

आणि दुकानात जाण्याआधी घरीच दोन्ही कपलर काढून ती टेस्ट लॅम्पवाली तपासणी करा, दहा मिनिटांचं काम आहे. गाडी मायनस स्विचिंगची निघाली तर वायरमनला आधीच सांगा, आणि तो "वो सब एक ही होता है" म्हणाला तर वर लिहिलंच आहे, किल्ली उचला.