दूध, संशोधन आणि एक सासूबाई

आज धारावीत लसीकरणाला आलेल्या आयांशी गप्पा मारत होते. विषय जरा वेगळा: स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी कुणी अंगावरचं थोडं दूध मागितलं, तर द्याल का?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात संशोधक कॅथलीन आर्कारो हे काम वर्षानुवर्षं करतायत. दुग्धनलिकांच्या अस्तराच्या पेशी दुधात आपसूक उतरतात आणि बहुतेक स्तनकर्करोग अशाच पेशींत सुरू होतो. म्हणजे सुई न टोचता पेशी हातात! मग त्यांच्या डीएनएवरचे बदल तपासायचे. नुसत्या गोऱ्या बायकांवर न थांबता आफ्रिकन-अमेरिकन आयांनाही त्यांनी मुद्दाम सामील करून घेतलं.

इथे एक सासूबाई लगेच आडव्या आल्या. "दूध बाहेर दिलं की आटतं. दृष्ट लागते ती वेगळीच." मी तोंड उघडायच्या आत शेजारची ताई म्हणाली, "मावशी, सायनला दूधपेढी आहे की! माझा सातव्या महिन्यातला पोरगा तिथल्याच दुधावर तगला." इतर आयांनी दान केलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणारी, सायन रुग्णालयातली १९८९ ची ती पेढी, आशियातली पहिली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केलेली. मावशी गप्प. माझं अर्धं भाषण वाचलं!

पण सगळ्यात नेमकं विचारलं ते एका विशीतल्या मुलीने, पोराला थोपटत: "देईन मी. पण काही वाईट निघालं तर मला कळवणार का? की नुसतं घेऊन जाणार?" संमतीपत्र लिहिणाऱ्यांनी याचं उत्तर पहिल्याच ओळीत द्यावं, मराठीत, हिंदीत, तमिळमध्येही.

आणि हो, यायचं तर दुपारी या, सकाळी पाण्याची गडबड असते, असंही तिने बजावलंय.