बोस्टनची लाल पट्टी आणि आईची कंपनी

"ही पट्टी संपते कुठं रे?" आईनं विचारलं तेव्हा आम्ही चालायला सुरुवातसुद्धा केली नव्हती. बोस्टन कॉमन नावाच्या मोठ्या बागेत उभे होतो, मे संपत आलेला तरी वारा असा की आईनं साडीवर स्वेटर, स्वेटरवर माझ्या धाकट्या भावाचं जॅकेट आणि पायात त्याचेच जुने स्पोर्ट शूज, आणि समोर फुटपाथमध्ये लाल विटांची दोन ओळींची पट्टी बसवलेली. हीच ती फ्रीडम ट्रेल. अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर, वाटेत १६ ठिकाणं, पट्टी धरून चालत राहायचं, कुणाला पत्ता विचारायला नको. चार किलोमीटर म्हणजे साधारण आमच्या बेळगावच्या शहापुरातनं निघून किल्ल्यात जाण्याएवढं, असं सांगितलं तेव्हा आई म्हणाली मग रिक्षा करूया की.

धाकटा तिकडं नोकरीला आहे, तीन वर्षं या या म्हणत होता, शेवटी लग्नसराई ओसरल्यावर प्रेस कामगारांच्या हवाली करून निघालो. माझी शहापुरात छोटी ऑफसेट प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची पॅम्प्लेट्स वगैरे. हे सांगायचं कारण पुढं येईल.

पहिल्या दिवशी गाईडवाली चालत टूर घेतली. गाईड म्हणजे पंचवीस-तीस वर्षांचा पोरगा, पण वेश अडीचशे वर्षांपूर्वीचा, तिकोनी टोपी, गुडघ्यापर्यंत पँट, पांढरे मोजे. आईला वाटलं नाटकातला आहे. आवाज मात्र कसला, ट्रॅफिकच्या वर ऐकू येणारा! बाग १६३४ सालची, देशातली सगळ्यात जुनी, आणि १८३० पर्यंत इथं लोकांच्या गायी चरायच्या असं त्यानं सांगितलं, ते मी आईला सांगितलं, तेव्हापासून ती बागेकडं जरा आपलेपणानं बघायला लागली. टेकाडावर स्टेट हाऊसचा सोन्याचा घुमट चमकत होता, त्याचा एक फोटो काढला आणि पुढं.

ग्रॅनरी नावाची स्मशानभूमी आहे १६६० ची. दगडांवर पंख लावलेल्या कवट्या कोरलेल्या. मधोमध एक उंच खांब, त्यावर ठळक अक्षरात फ्रँकलिन. सगळे तिथंच फोटो काढत होते, मीपण, कारण बेंजामिन फ्रँकलिन म्हणजे आमच्या धंद्यातला माणूस, बाराव्या वर्षी भावाच्या प्रेसमध्ये कामाला लागलेला. मग गाईड म्हणाला की हा खांब त्याच्या आईबापाचा आहे, तो स्वतः फिलाडेल्फियात पुरलाय. फोटो डिलीट नाही केला. पुढं स्कूल स्ट्रीटवर त्याचा पुतळा आहे, त्याची जुनी शाळा होती त्या जागेजवळ, शिक्षण त्यानं दहाव्या वर्षीच सोडलं. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ, तुझ्यासारखाच." मी बीकॉम सेकंड इयरला सोडलं, पण ठीक आहे.

खरी गंमत ओल्ड साऊथ मीटिंग हाऊसपाशी झाली. विटांची साधी इमारत, वर मनोरा, १७२९ ची. इथं १६ डिसेंबर १७७३ ला हजारो लोक जमले आणि रात्री बंदरात जाऊन ३४२ पेट्या चहा समुद्रात टाकला, हे शाळेत एका ओळीत वाचलेलं असतं. गाईड रंगात येऊन सांगत होता. आईला इंग्लिश फारसं येत नाही पण त्यातले तीन शब्द तिनं बरोबर पकडले, ईस्ट इंडिया कंपनी.

"कंपनी? आपली कंपनी?"

"आपली कुठली गं, इंग्रजांची."

"तेच की. रायण्णाला फाशी दिली ती."

आईचं माहेर नंदगड. खानापूर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको, कंपनीशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये कंपनीनं नंदगडात फाशी दिली, त्याच्या समाधीवरच्या वडाला लोक मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात. आईच्या दृष्टीनं हा इतिहास वगैरे नाही, मामाच्या घराकडं जातानाचा रस्ता आहे. आता तीच कंपनी इथं अमेरिकेत चहा विकायला आलेली बघून तिला असं झालं की गावातला एखादा बदनाम सावकार परमुलखात भेटावा. मला म्हणाली त्याला सांग. मी माझ्या इंग्लिशमध्ये जमेल तसं सांगितलं, की सर, धिस सेम कंपनी, अवर व्हिलेज. पोरगा चांगला होता, रायण्णाचं स्पेलिंग विचारलं, दोनदा म्हणून बघितलं, मग घड्याळ बघितलं आणि ग्रुपला घेऊन पुढं गेला.

आई मात्र तिथंच अडकली. चहा महाग केला म्हणून टाकला काय? उलट गं, स्वस्त केलेला. कंपनी कर्जात बुडालेली, लंडनच्या गोदामांत चहा पडून, म्हणून पार्लमेंटनं तिला अमेरिकेत सरळ विकायची सवलत दिली, इथल्या व्यापाऱ्यांना वगळून, आणि पौंडामागं तीन पेन्स कर मात्र तसाच ठेवला. आम्हाला न विचारता कर लावणारे तुम्ही कोण, हे भांडण. "म्हणजे स्वस्त देऊन गिऱ्हाईक बांधायचं," आई म्हणाली. गणपत गल्लीत किराणा भरणाऱ्या बाईला हे समजवायला लागत नाही.

थोडं पुढं ओल्ड स्टेट हाऊस, १७१३ ची. तिच्या पोटातच मेट्रोचं स्टेशन आहे, वर राजाच्या काळातला सज्जा आणि खाली लोक ऑफिसला चाललेत. या सज्जासमोर ५ मार्च १७७० ला इंग्रज शिपायांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या, पाच माणसं मेली. जागेवर दगडांचं वर्तुळ आहे. पॉल रिव्हियर नावाच्या सोनारानं त्या गोळीबाराचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलं आणि ते सगळीकडं पसरलं. चित्रात शिपाई शिस्तीत रांगेत उभे राहून हुकमावर गोळ्या झाडतायत, मागच्या इमारतीवर बोर्ड काय, तर कसाईखाना! असा बोर्ड तिथं नव्हताच, जकातीचं ऑफिस होतं ते. आणि मूळ चित्र हेन्री पेलहॅम नावाच्या दुसऱ्याच माणसाचं, यानं बघून उचललं आणि त्याच्या आधी छापून विकलं. मला एकदम आमची प्रेसलाईन आठवली. तुम्ही रात्र जागून पत्रिकेचं डिझाइन करा, दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्रेसमध्ये तेच, फक्त गणपती उलटा. आणि बोर्डाचं काय, एका बोर्डावरून काय काय होतं ते बेळगावच्या माणसाला अमेरिकेत जाऊन शिकायला नको.

इमारतीच्या टोकावर सिंह आणि युनिकॉर्न आहेत, इंग्लंडच्या राजाचे. मूळचे १७७६ मध्ये लोकांनी उतरवून जाळले आणि शंभरेक वर्षांनी पुन्हा तसेच करून बसवले. आई म्हणाली खुळीच दिसतात ही माणसं. मला मात्र बरं वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही.

फॅन्युइल हॉलपाशी टूर संपली आणि आईचे गुडघेपण. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीचं तिकीट काढलं, कुठंही उतरा कुठंही चढा. ते कागदावर. आम्ही उतरलो आणि नंतरच्या तीन गाड्या भरून आल्या, चाळीस मिनिटं वाऱ्यात. त्यापेक्षा चालणं बरं असं आईच म्हणाली. तरी चार्ल्सटाऊनला जाऊन आलो, बंकर हिलचा मनोरा, २९४ पायऱ्या, लिफ्ट नाही. राजहंसगड चढणाऱ्याला काय त्याचं, असं म्हणून आम्ही दोघं भाऊ चढलो आणि दोनशेव्या पायरीला बोलणं बंद झालं. १७ जून १७७५ ला इथली लढाई इंग्रजांनी जिंकली पण हजारावर माणसं मेली-जखमी झाली त्यांची. आई खाली बाकावर बसून खारींना शेंगदाणे घालत होती, बेळगावातनं आणलेले.

शेवटी चहाचं जहाज. बंदरात त्या जहाजांच्या प्रतिकृती उभ्या आहेत आणि टुरिस्टांना पेट्या समुद्रात फेकायला देतात. पेटीला दोरी बांधलेली असते, फेकायची आणि ओढून परत घ्यायची, पुढच्या गिऱ्हाईकासाठी. आईनं पदर खोचला, जॅकेट माझ्याकडं दिलं आणि अशी फेकली की शेजारची एक गोरी बाई टाळ्या वाजवायला लागली. मग मला म्हणाली, "अजून एक दे." रांग होती, तरी दिली त्यांनी.

एक गोष्ट आईला सांगितली नाही. अमेरिकेत १७८१ ला हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढं आपल्याकडं गव्हर्नर जनरल म्हणून आला, टिपूशी लढला, आणि तेव्हा धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालणारे परशुरामभाऊ पटवर्धन कंपनीच्याच बाजूनं होते. आणि आमचं शहापूर म्हणजे सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानातलं. त्या पेटी फेकलेल्या संध्याकाळी हे कशाला काढा.

जहाजाजवळच्या दुकानात त्या वेळी टाकलेल्या जातीचा चहा मिळतो, बोही नावाचा, चिनी. तिथं चाखायला दिला तो बिनदुधाचा, आईनं एक घोट घेतला आणि कप माझ्यापुढं सरकवला, बरोबर केलं म्हणाली टाकला ते. तरी एक पाकीट घेतलंच. आता ते शहापुरातल्या घरी साखरेच्या डब्याशेजारी आहे. कुणी आलं की आई आलं ठेचून, दूध-साखर घालून रटरट उकळते आणि कंपनीचा चहा म्हणून देते. परवा नंदगडहून मामा आला होता, दोन कप प्याला, म्हणाला पावडर जरा हलकी आहे, बदला.