ढवळमासा

कराडच्या आमच्या घरात 'पेपर' या शब्दाला दोनच अर्थ आहेत. एक परीक्षेत लिहायचा आणि दुसरा सकाळी दारात पडतो तो. त्यामुळे गेल्या सप्टेंबरात मी फोनवर "पाठवला एकदाचा पेपर" म्हणाले, तेव्हा आईने विचारलं, "सोपा होता का गं?" मागून बाबांचा आवाज आला, "पुरवणीत येणार की मुख्य अंकात, विचार तिला." मी दोघांनाही हो म्हणून टाकलं. खरं तर त्या संध्याकाळी मलाही तो सोपा गेला असंच वाटत होतं.

मी जर्मनीत गॉटिंगेनला पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएचडीनंतर रसायनशास्त्रात संशोधन करते. माझा पेपर म्हणजे शोधनिबंध. सायकलींचं, विद्यार्थ्यांचं गाव. चौकातल्या कारंज्यावर हंस घेतलेल्या एका मुलीचा पुतळा आहे. इथे पीएचडी झालेल्या माणसाला मित्र सजवलेल्या हातगाडीत बसवून वाजतगाजत तिथपर्यंत ओढत आणतात आणि तो वर चढून त्या मुलीचा मुका घेतो. माझी पीएचडी पुण्याची, त्यामुळे मी फक्त गाडी ढकलायला. तर गावाकडची एमएस्सीची मुलं मला मेसेज करून विचारतात, ताई, जर्नलला पेपर पाठवायचा म्हणजे नक्की काय करायचं? त्यांना मी फॉरमॅट, कव्हर लेटर वगैरे सगळं सांगते आणि या एका पेपरची गोष्ट मात्र आजवर गाळत आले.

आमची अभिक्रिया होती दोन बेंझीन कड्या एकमेकींना जोडण्याची. एरवी या कामाला पॅलॅडियम लागतं, ते महाग, आणि औषधात त्याचा अंशही उरलेला चालत नाही. आमच्याकडे ते पॅलॅडियमशिवाय होत होतं. सत्तावीस संयुगं झाली, उतारा सत्तर-ऐंशी टक्के, आणि शीर्षकात दिमाखात 'मेटल-फ्री', म्हणजे धातूविना.

लिहायला बसल्यावर पहिला धडा मिळाला की सुरुवात मजकुरापासून करायची नाही. आधी चित्रं. रेणू रेखाटायच्या केमड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीची ठरलेली सेटिंग आहे, बंधाची लांबी १४.४ पॉइंट आणि अक्षरं एरिअल १०. सगळी रेखाटनं त्यात ओढून घ्यायची. मग स्कीम एक, दोन, तीन आणि तक्ता असे टेबलावर पत्त्यांसारखे मांडायचे आणि नुसती चित्रं बघून गोष्ट कळते का ते पाहायचं. कळत नसेल तर शब्दांनी काही होत नाही. त्यातलंच एक चित्र विषयसूचीसाठी, ८.२५ बाय ४.४५ सेंटीमीटरचं. आगपेटीपेक्षा थोडं मोठं. त्या एवढ्याशा चौकोनासाठी मी तीन दिवस घालवले, त्याची मला अजून लाज वाटते.

मुख्य लेख चार पानांचा. त्याच्या मागे सपोर्टिंग इन्फर्मेशन, म्हणजे एसआय, १३८ पानांचं. खरा पेपर तोच, असं माझं मत होत चाललंय. पुढच्या चार पानांत आपण काय म्हणतो ते असतं, मागे आपण काय केलं ते. प्रत्येक संयुगाचा प्रोटॉन आणि कार्बन-१३ एनएमआर (रेणूची रचना ओळखायचा आलेख), प्रत्येक शिखराची जागा, फाटे आणि हर्ट्झमधलं अंतर. क्लोरोफॉर्मचं शिखर ७.२६ वर धरून बाकीची मोजायची. मास स्पेक्ट्रममध्ये मोजलेलं वजन गणिताने येणाऱ्या वजनाशी चार दशांश स्थळांपर्यंत ताडून बघायचं, आणि फरक दशलक्षात पाच भागांच्या आत हवा. संयुग बारा आणि संयुग एकोणीसच्या स्पेक्ट्रममध्ये २.०५ ला एक सरळ, टोकदार रेघ दिसत होती. इथिल ॲसिटेट. शुद्धीकरणाच्या कॉलमवरून आलेला सॉल्व्हंट नीट उडाला नव्हता. पुण्यात असताना मी, सगळेच करतात, म्हणून पुढे गेले असते. इथे बॉसने त्या रेघेभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि वर लिहिलं, 'हिचंही वजन तू उताऱ्यात धरलंस का?' धरलं होतं. दोन्ही संयुगं पुन्हा व्हॅक्यूमवर लावली. ८४ चे ७९ झाले.

बॉसची पेन्सिल हा वेगळाच विषय आहे. माणूस एरवी गोड. पहिल्या आठवड्यात मी त्यांना 'सर' म्हणाले तर गोंधळून मागे बघायला लागले. इथे प्रोफेसरलाही नावाने हाक मारायची. पण माझ्या मसुद्यातून त्यांनी 'नॉव्हेल' हा शब्द अकरा ठिकाणी खोडला. 'फॉर द फर्स्ट टाइम', 'हायली एफिशियंट', 'रिमार्केबल' हेही गेले. लग्नपत्रिकेतले चि. सौ. कां. काढून टाकल्यावर नुसती नावं उरतात, तसं पान दिसायला लागलं. मी कुरकुर केली तेव्हा त्यांनी विचारलं, "विंडलरचं पत्र वाचलंयस?"

मी वाचलं नव्हतं. युरिया बनवणारा व्होलर आपल्याला अकरावीच्या पुस्तकात भेटतो, १८२८ साल म्हणून. पुढे तो इथेच, गॉटिंगेनला प्राध्यापक होता, त्याचा पुतळाही गावात आहे. त्या काळात पॅरिसचे रसायनशास्त्रज्ञ ड्यूमा म्हणत होते की संयुगातल्या हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवलं तरी संयुगाचा मूळ साचा बदलत नाही. व्होलरला या सिद्धांताचा बोलबाला फार वाटत होता. त्याने फ्रेंचमध्ये, पॅरिसहून लिहिल्याचा आव आणत, पत्राच्या रूपात एक खोटाच शोधनिबंध लिहिला. मँगनीज ॲसिटेटमधला हायड्रोजन क्लोरीनने बदलला, मग मँगनीज, मग ऑक्सिजन, शेवटी कार्बनसुद्धा, आणि नुसतं क्लोरीन उरलं तरी गुणधर्म तेच! खाली तळटीप, की लंडनच्या दुकानांत आता निव्वळ क्लोरीनच्या धाग्याचं कापड मिळतं आणि रात्रीच्या टोप्यांसाठी त्याला मोठी मागणी आहे. रसायनशास्त्रज्ञ लीबिगने हे १८४० मध्ये आपल्या ॲनालेन या जर्नलमध्ये छापलं. लेखकाचं नाव एस. सी. एच. विंडलर. सलग वाचलं की 'श्विंडलर' होतं, म्हणजे जर्मनमध्ये भामटा. गंमत अशी की ड्यूमांच्या म्हणण्यात बरंच तथ्य होतं, ते नंतर कळलं. पण मोठ्या दाव्याची चेष्टा कशी करतात हे मला त्या दिवशी समजलं. 'मेटल-फ्री' मात्र आम्ही शीर्षकात ठेवलं, कारण आम्ही दोघंही ते खरं मानत होतो.

पाठवण्याचा दिवस हा निव्वळ कारकुनीचा. सगळ्या लेखकांचे सोळा आकडी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची ओळख), कोणी काय केलं याचं निवेदन, हितसंबंध नसल्याचं निवेदन, पैसे कोणाचे ते, क्रिस्टलची फाइल केंब्रिजच्या डेटाबेसमध्ये जमा केल्याचा क्रमांक, आणि लेख तपासणारे परीक्षक म्हणून चार-पाच नावं सुचवायची. नावं सुचवताना आपल्या ओळखीचे, आपल्याबरोबर काम केलेले चालत नाहीत. म्हणजे स्थळ सुचवायचं, पण नात्यातलं नको. पोर्टल सगळ्याची एक पीडीएफ बांधतं, ती उघडून बघायची. माझ्या पहिल्या पीडीएफमध्ये डेल्टा या चिन्हाच्या जागी सगळीकडे चौकोन आले होते.

पैशाचं मुलं हमखास विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकते. आमचं जर्नल वर्गणीवर चालणारं होतं, तिथे लेखकाला काही द्यावं लागत नाही. ओपन ॲक्सेसला, म्हणजे लेख सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून, मात्र हजारो युरो लागू शकतात. जर्मनीत 'डील' नावाच्या करारांमुळे काही मोठ्या प्रकाशकांचं बिल संस्थांकडून परस्पर जातं. भारतात २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय, त्याने गावातल्या सरकारी कॉलेजातही जर्नलं उघडतात, पण तो मुख्यतः वाचायचा बंदोबस्त आहे, छापायचा नव्हे. आणि 'आपला बहुमोल लेख ४८ तासांत प्रसिद्ध करू' अशी मेल आली तर उत्तरच देऊ नका. मला आठवड्याला तीन येतात, परवा तर एक दंतवैद्यकाच्या जर्नलकडून आली.

सहा आठवड्यांनी निर्णय आला, 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करा. पहिला परीक्षक खूश, त्याच्या सगळ्या सूचना स्वल्पविरामांच्या. दुसऱ्याने तीनच ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा अर्थ असा: अभिक्रियेत घातलेल्या बेसमधलं (अल्कलीतलं) पॅलॅडियम लेखकांनी तपासलं, हे ठीक. ढवळण्याचे चुंबक नवे होते का?

बेस आम्ही तपासला होता त्याचं कारण या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. २००३ मध्ये एका गटाने अशाच धातूविना होणाऱ्या जोडणीचा पेपर छापला, आणि २००५ मध्ये त्याच गटाने स्वतः पुन्हा लिहिलं की बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात पन्नास भाग एवढं पॅलॅडियम असतं आणि काम बहुधा तेच करतं. म्हणून आम्ही आमचा बेस धातूचा अंश मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर मोजून घेतला होता. स्वच्छ निघाला होता. चुंबकाचा विचार कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता.

हा चुंबक म्हणजे टेफ्लॉनचं पांढरं आवरण असलेली छोटी कांडी, फ्लास्कमध्ये टाकायची आणि खालच्या यंत्राने गरागरा फिरवायची. पुण्यात आम्ही तिला 'बीड' म्हणायचो. जर्मन लोक 'ऱ्यूरफिश' म्हणतात, शब्दशः ढवळमासा. फ्लास्कमधून बाहेर काढायला लांब दांडीचं चुंबक असतं, तो अर्थातच गळ. आमच्या लॅबमध्ये एका जुन्या बीकरमध्ये साठ-सत्तर मासे पडलेले असायचे. ज्याला लागेल त्याने घ्यावा, वापरून ॲसिटोनने धुवावा, परत टाकावा. शेजारच्या हुडवर आठवडाभर पॅलॅडियमच्याच अभिक्रिया चालायच्या. टेफ्लॉनवर बारीक ओरखडे पडतात आणि धातू त्यात जाऊन बसतो. मॉस्कोच्या एका गटाने २०१९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवलाही होता. तो पेपर माझ्या लॅपटॉपवर होता. वाचला नव्हता.

परीक्षकाचं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. शनिवार-रविवारी लॅबमध्ये एकट्याने प्रयोग करायचा नाही असा आमच्याकडे नियम, त्यामुळे दोन दिवस मी घरी भांडी घासत बसले. एकच कढई तीनदा घासली. सोमवारपासून नऊ फ्लास्क लावले. बीकरमधला जुना मासा: ८१ टक्के. पाकीट फोडून काढलेला कोरा मासा: १४. जुना मासा धातू विरघळवणाऱ्या आम्लराजात रात्रभर बुडवून, धुऊन: २२. आणि कोरा मासा, पण मुद्दाम चिमटीतही न येण्याइतकं कमी पॅलॅडियम ॲसिटेट घालून: ८३.

जुन्या आणि कोऱ्या माशाच्या टीएलसी प्लेट्स (किती पदार्थ तयार झाला ते ठिपक्याने दाखवणाऱ्या) अतिनील दिव्याखाली शेजारी शेजारी धरल्या होत्या. एकीवर जाड काळा ठिपका, दुसरीवर जवळजवळ काहीच नाही. मला मळमळल्यासारखं झालं. सव्वा वर्षाचं काम, सत्तावीस संयुगं, आणि ते सगळं कोणाच्या तरी धुवायच्या आळसाने घडवून आणलं होतं. धुणाऱ्यांत मीही होते.

बॉसनी प्लेट्स बघितल्या, आकडे वहीत स्वतः उतरवून घेतले आणि म्हणाले, "कॉफी." कॉफी पिऊन झाल्यावर आम्ही संपादकांना पत्र लिहिलं. लेख मागे घेत आहोत, निष्कर्ष चुकीचा होता, परीक्षक क्रमांक दोनचं म्हणणं बरोबर निघालं. सहा वाक्यांचं पत्र. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात पटकन लिहून झालेलं शास्त्रीय लिखाण. संपादकांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, दोन ओळींचं आणि अतिशय सभ्य.

त्यानंतरचे पाच महिने फार सांगण्यासारखे नाहीत. कोरे मासे, कोरे फ्लास्क, आणि या वेळी पॅलॅडियम मोजून मापून, दर वेळी अभिक्रियेचं मिश्रण आयसीपी-एमएसला. सत्तावीसपैकी एकवीस संयुगं आली, सहा आली नाहीत. ती सहाही एसआयमध्ये 'झाली नाहीत' म्हणून छापायला दिली आहेत. नव्या शीर्षकात 'मेटल-फ्री' नाही. अत्यल्प पॅलॅडियमने होणारी जोडणी, असा साधा मामला. जर्नलही आधीपेक्षा लहान. लॅबमधलं ते बीकर रिकामं झालंय. माझ्या ड्रॉवरमध्ये कोऱ्या माशांचा डबा आहे आणि त्यावर मी मराठीत लिहून ठेवलंय, 'हात लावू नये'. ते वाचता येणारं इथे कोणी नाही, तरीही कोणी लावत नाही.

आभाराच्या परिच्छेदात मी आधीच्या त्या अनामिक परीक्षकाचे आभार मानले आणि त्याच्या प्रश्नाला 'अमूल्य' असं विशेषण लावलं. मसुदा परत आला तेव्हा बॉसनी तेही खोडलं होतं.

गेल्या महिन्यात नवा लेख पाठवला. पोर्टलवर सध्या 'अंडर रिव्ह्यू' दिसतंय. बाबांना सांगितलंय, अजून अंक निघायचाय.